‘आज लवकर घेऊन जा’ म्हणणाऱ्या शाळांना

प्रति,
शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षक

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी चौथीत आहे. ती ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेने ठरवलं, की तिने रोज मधल्या सुट्टीपर्यंतच वर्गात बसायचं आणि मग घरी जायचं. ‘वागणं सुधारेपर्यंत’ असंच चालेल, असं मला सांगण्यात आलं. मी हे लेखी मागितलं. ‘लेखी कशाला? आपल्यातलीच गोष्ट आहे,’ असं उत्तर मिळालं.

ही आपल्यातली गोष्ट नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. आणि ते एकाच शाळेला लिहीत नाही, कारण ज्या ज्या पालकांशी बोलले त्यांच्याकडूनही असंच काहीतरी ऐकायला मिळालं. कुणाला दिवस अर्धा झाला की फोन येतो, ‘आज जरा लवकर घेऊन जा.’ कुणाला परीक्षेच्या आठवड्यात ‘नाही पाठवलंत तरी चालेल’ असं सुचवलं जातं. कुणाच्या मुलाला सहलीला न्यायचं तर आईने सोबत यायचं, अशी अट असते. प्रवेशच नाकारणाऱ्या शाळेविरुद्ध दाद तरी मागता येते. इथे मुलाचं नाव पटावर असतं, सकाळची हजेरी लागलेली असते, त्यामुळे कागदोपत्री ते मूल पूर्ण वेळ शिकत असतं. त्याचे रोज बुडणारे तास कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाहीत. माझ्या मुलीच्या हजेरीपत्रकावर या महिन्यातही ती हजरच आहे.

पहिली तक्रार हीच आहे. मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचा निर्णय तोंडी होतो. त्याला मुदत नसते, कारण लिहिलेलं नसतं, आणि ‘वागणं सुधारणं’ म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. जी अट सांगितलेलीच नाही ती नऊ वर्षांच्या मुलीने पूर्ण कशी करायची?

दुसरी तक्रार जुनी आहे. पहिली ते तिसरी माझी मुलगी वर्गात गप्प बसायची. शेरे यायचे, ‘शांत, आज्ञाधारक, थोडं बोलायला हवं.’ घरी आली की ती पलंगाखाली शिरायची आणि तासभर बाहेर यायची नाही. हे मी शाळेत सांगितलं, निदानाचा कागदही दाखवला. तेव्हा ऐकायला मिळालं, ‘आमच्याकडे तर काहीच त्रास देत नाही, उगाच काळजी करता.’ पुष्कळ ऑटिस्टिक मुलं, आणि त्यातही मुली, इतरांचं बघून बघून हसायला, मान डोलवायला, हात आवरून बसायला शिकतात. आतला ताण दिवसभर झाकतात. मुलींचं निदान उशिरा होण्यामागचं हे एक मोठं कारण मानलं जातं. या झाकण्याला खूप शक्ती लागते, आणि अभ्यास वाढला, वर्गातली पोरं वाढली, मैत्रीचे नियम गुंतागुंतीचे झाले की ती शक्ती संपते. माझ्या मुलीची चौथीत संपली. म्हणजे गप्प होती तोवर तिला मदतीची गरज नाही असं ठरलं, आणि किंचाळली त्या दिवसापासून ती शाळेत बसवण्यालायक नाही असं ठरलं. दुसरीतल्या एका बाईंचा अपवाद सोडला, तर मदत देता आली असती अशी तीन वर्षं या दोन निर्णयांच्या मध्ये निघून गेली.

आता त्या किंचाळण्याबद्दल. त्याला ‘हट्ट’ म्हटलं गेलं, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. हट्ट करणारं मूल समोरच्याकडे बघत असतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये गेलेल्या मुलाला काही मिळवायचं नसतं. आवाज, उजेड, गर्दी, घाई, न कळलेल्या सूचना हे सगळं साठत साठत त्याच्या सहनशक्तीबाहेर गेलेलं असतं. त्या क्षणी त्याला बोलणं समजत नाही, स्वतः बोलताही येत नाही. ‘शांत हो’, ‘काय झालं ते सांग’, ‘सगळे बघताहेत’ यांतलं प्रत्येक वाक्य त्याच्या ओझ्यात भर घालतं. तेव्हा बोलणं कमी करायचं, आजूबाजूची मुलं हलवायची, दिवा बंद करता आला तर करायचा, अंगाला हात न लावता जवळ थांबायचं आणि वेळ द्यायचा. शिक्षा करून पुढचं मेल्टडाऊन टळत नाही. ते कशामुळे झालं हे शोधलं तर टळू शकतं.

शोधणं अवघडही नाही. माझ्या मुलीचे बहुतेक वाईट प्रसंग चार ठिकाणी घडले: घंटा डोक्यावरच वाजते तो जिना, प्रार्थनेची रांग, बदली शिक्षक आले ते तास आणि मधली सुट्टी. तिला ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते. शेजारच्या वर्गातले पाढे, बाक सरकल्याचा आवाज आणि बाईंचं बोलणं, हे सगळं तिच्या कानावर सारख्याच जोराने पडतं. त्यातून फक्त बाईंचा आवाज वेगळा काढायला तिला कष्ट पडतात. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन करणारा शोधनिबंध लिहिला, त्यातच मोठ्या आवाजांनी ही मुलं घाबरतात आणि रोजच्या क्रमात झालेला बदल त्यांना सोसत नाही, अशी नोंद आहे. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाच्या निकषांत संवेदनांचा हा वेगळेपणा स्पष्टपणे घातला. ‘आवाजाचं निमित्त करते’ हे वाक्य मी अजूनही ऐकते.

आणि जे ठरलं ते बघा. सकाळची प्रार्थना, जिन्यातली गर्दी, पहिल्या तासांची धावपळ हे सगळं तिने सोसायचं आणि मधल्या सुट्टीत घरी जायचं. सुट्टीनंतरचे तास शांत असतात. तिच्या आवडीचं विज्ञान आणि वाचनालय त्याच वेळेत येतं. शाळेतला तिला सर्वांत जड जाणारा भाग शाळेने तिच्यासाठी ठेवला आणि जिथे ती रमली असती तो काढून घेतला. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी तिचा एक पूर्ण दिवस बसून पाहिला असता, तर हे असं ठरलं नसतं याची मला खात्री आहे.

तिच्या बोलण्याचाही अर्थ चुकीचा लावला जातो. घाबरली की ती ध्वनिक्षेपकावरची सूचना जशीच्या तशी म्हणते, ‘सर्वांनी आपापल्या जागेवर बसावे.’ एकदा ती हे परत परत म्हणत होती आणि शिक्षिकेला वाटलं, ती नक्कल करते आहे. तिला वर्गाबाहेर उभं केलं गेलं. ऐकलेली वाक्यं अशी पुन्हा म्हणणं ऑटिस्टिक मुलांत अगदी सर्रास आढळतं. १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन या संशोधकांनी ऐकल्याबरोबर होणाऱ्या अशा पुनरुच्चारांचा बारकाईने अभ्यास केला. ते निरर्थक नसतात. मूल त्यांतून आपली पाळी घेतं, होकार देतं, मागणी करतं, स्वतःला सावरतं, असं त्यांनी दाखवलं. माझ्या मुलीच्या त्या वाक्याचा अर्थ ‘मला भीती वाटते, सगळे जागेवर बसले तर बरं होईल’ एवढाच होता.

तीच गत डोळ्यांची. ‘माझ्याकडे बघ, मग बोल’ असं तिला रोज सांगितलं जातं. डोळ्यांत बघायचं की ऐकायचं यांतलं एकच जमतं, असं कितीतरी ऑटिस्टिक माणसांनी मोठेपणी लिहून ठेवलं आहे. ती खिडकीकडे बघत असते तेव्हा नीट ऐकत असते. हात फडफडवणं, डुलणं, पेनाचं टोपण फिरवत राहणं यानेही ती स्वतःला शांत ठेवते. ते बंद केलं की तिचं सगळं लक्ष हात आवरण्यात जातं आणि शिकवलेलं डोक्यावरून जातं. सूचनांचंही तसंच आहे. ‘वही काढशील का?’ असं विचारलं की ती ‘हो’ म्हणते आणि बसून राहते. तिला प्रश्न विचारला होता, तिने उत्तर दिलं. ‘गणिताची वही काढ, तारीख घाल, फळ्यावरची पहिली तीन उदाहरणं लिही’ असं सांगितलं की ती ते न चुकता करते. हे समजून घ्यायला पदवी लागत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ २०१२ पासून मांडत आले आहेत की गैरसमज दोन्हीकडून होतो: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचणं जड जातं, तसंच इतरांनाही त्याचं मन वाचता येत नाही. शाळेत मात्र समजून घेण्याची सगळी जबाबदारी वर्गातल्या सर्वांत दमलेल्या मुलावर टाकली जाते.

घरच्यांवर येणारा ठपका मी थोडक्यातच सांगते. ‘लाडावलंय’, ‘आई नोकरी करते ना’, ‘एकुलती एक आहे म्हणून’. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारखे नामवंत लोक ऑटिझमचं खापर आईच्या थंडपणावर फोडत होते. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक होती. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. त्यानंतरच्या संशोधनाने आनुवंशिकतेचा वाटा पुन्हा पुन्हा दाखवला आहे. इतक्या वर्षांनंतर तरी पालकसभेत आईला आरोपीसारखं उभं करू नका.

शॅडो टीचरबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण यात शाळेला आपण मदत केली असं मनापासून वाटतं. ‘तुमच्या खर्चाने एक मदतनीस आणा, मग पूर्ण वेळ बसू देऊ,’ असं पालकांना सांगितलं जातं. ज्यांना परवडत नाही त्यांचं मूल घरी बसतं. ज्यांना परवडतं त्यांच्या मुलाशेजारी एक तरुण मुलगी बसते, बहुतेकदा काहीही प्रशिक्षण नसलेली, आणि त्या दिवसापासून वर्गशिक्षिका त्या मुलाशी बोलणं थांबवते. सूचना मदतनीसाला, तक्रार मदतनीसाकडे, वहीसुद्धा तीच तपासते. सोबतची मुलंही त्याच्याशी थेट बोलत नाहीत. मूल वर्गात असूनही वर्गाचं होत नाही. काही मुलांना शेजारी माणूस लागतो, हे मला मान्य आहे. पण तो शाळेने नेमलेला, शिकवलेला आणि शिक्षिकेच्या हाताखाली काम करणारा असावा. शिकवण्याची जबाबदारी शिक्षिकेचीच राहायला हवी.

शिक्षकांना मी विरोधक मानत नाही. भरलेला वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम, वरून येणारी माहिती भरण्याची कामं, आणि ऑटिझमबद्दल प्रशिक्षण कुणी दिलेलं नाही. अशा शिक्षिकेला ‘सांभाळून घ्या’ म्हणणं हाही अन्यायच आहे. आणि माझ्या मुलीला दुसरीत लाभलेल्या बाईंना मी कधी विसरणार नाही. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास क्रमाने लिहायला सुरुवात केली. झालेला तास खोडायच्या. काही बदलणार असेल तर सकाळीच तिच्या बाकापाशी जाऊन सांगायच्या. घंटेच्या दोन मिनिटं आधी तिला खूण करायच्या, म्हणजे ती कान झाकून घ्यायची. तिला भिंतीकडची कडेची जागा दिली. तोंडी उत्तर अडलं की लिहून द्यायला सांगितलं. बोलता येत नसेल तेव्हा बाकावर ठेवायला एक लाल कार्ड दिलं. ते दिसलं की पाच मिनिटं वाचनालयात जायची परवानगी, कारण विचारायचं नाही. या सगळ्याला खर्च आला नाही. ही त्यांची एकटीची कल्पनाही नव्हती. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर यांनी उभारलेला टीच कार्यक्रम १९७२ पासून राज्यभर हेच करतो आहे: दिवस डोळ्यांना दिसेल असा मांडायचा, पुढे काय येणार हे आधी कळू द्यायचं आणि आईवडिलांना सोबत घेऊन काम करायचं.

मग त्या बाईंची बदली झाली. त्यांनी वर्षभर जे केलं ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिसरीच्या शिक्षिकेला काहीच माहीत नव्हतं. मी सांगायला गेले तर ‘प्रत्येक मुलासाठी वेगळं कसं करणार?’ असा प्रश्न आला. मुलाला घरी पाठवतात त्याची नोंद नाही आणि त्याला वर्गात टिकवलं त्याचीही नोंद नाही. हे पत्र मुख्यतः याच गोष्टीसाठी आहे.

इतर पालक म्हणतात, आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो. हे खोटं नाही. वर्गात मेल्टडाऊन झालं की दहा-पंधरा मिनिटं जातात, लहान मुलं घाबरतात. पण त्यासाठी एका मुलाचं शिक्षण कापणं हा उपाय होत नाही. कारण शोधून प्रसंग कमी करा, आणि प्रसंग घडलाच तर मदतीला धावेल असं दुसरं मोठं माणूस ठरवून ठेवा. वर्गातल्या मुलांना सरळ शब्दांत सांगा की तिला आवाजाचा त्रास होतो. मुलं हे पटकन स्वीकारतात. ज्या वर्गात कुणी काहीच सांगत नाही तिथे ती आपापले अर्थ काढतात, चिडवतात आणि तिला नको ते करायला लावून मजा बघतात.

आणखी एक सांगते, कारण मला फक्त माझ्या मुलीपुरतं बोलायचं नाही. ती बोलते, वाचते, म्हणून तिला अर्धा दिवस तरी मिळाला. जी मुलं बोलत नाहीत, ज्यांना शी-शूसाठी मदत लागते, ज्यांना शिकायला जास्त वेळ लागतो, त्यांना तर फाटकातच ‘आमच्याकडे सोय नाही’ असं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार दर १२७ माणसांत एक जण ऑटिस्टिक आहे. त्या हिशेबाने हजार मुलांच्या शाळेत अशी सात-आठ मुलं असायला हवीत. तुमच्या शाळेत तेवढी दिसत नसतील, तर ती एकतर ओळखली गेलेली नाहीत किंवा आत आलेली नाहीत. न बोलणाऱ्या मुलालाही चित्रं, टॅब्लेट किंवा अक्षरफलक दिला तर सांगण्यासारखं पुष्कळ असतं. आणि त्याला नसलं तरी शाळेवर त्याचा हक्क तेवढाच आहे. मूल हुशार निघालं तरच जागा, ही अट मला कुणासाठीच मान्य नाही.

हे मी उपकार म्हणून मागत नाही. १९९४ साली स्पेनमधल्या सलामांका इथे ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि सर्व मुलांना सामावून घेणारी शाळा हेच शिक्षणाचं धोरण असावं, असं त्यांनी जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं २४ वं कलम सांगतं, की अपंगत्वामुळे कुणालाही सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेतून वगळता येणार नाही. त्याच करारात, व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. फळ्यावर वेळापत्रक लिहिणं आणि घंटेआधी खूण करणं याहून वाजवी काय असू शकतं?

माझ्या मागण्या अशा आहेत.

मुलाला वेळेआधी घरी पाठवलं तर प्रत्येक वेळी त्याची लेखी नोंद करा: तारीख, वेळ, काय घडलं, त्याआधी काय घडलं आणि कुणी ठरवलं. त्याची प्रत पालकांना द्या. हजेरीपत्रकात ते तास गैरहजेरीचेच दिसले पाहिजेत, म्हणजे किती बुडालं ते कुणालाही मोजता येईल. मुदत आणि कारण न लिहिता कुणाही मुलाचा शाळेचा वेळ कमी करू नका.

प्रत्येक ऑटिस्टिक मुलासाठी एक पानाची योजना लिहा. त्याला काय जड जातं, काय केल्याने सोपं होतं, त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं आणि तेव्हा काय करायचं. ती पालकांना आणि जमेल तसं मुलालाही विचारून लिहा. वर्ग बदलला, शिक्षक बदलले, बदली शिक्षक एका तासासाठी आले तरी ते पान त्यांच्या हातात पडलं पाहिजे.

शिक्षकांना प्रशिक्षण द्या, आणि ते त्यांच्या कामाच्या वेळेत द्या. शिपाई, बसमधल्या ताई, खेळाचे सर यांनाही त्यात घ्या. अडचणीचे प्रसंग बहुतेक त्यांच्यासमोरच घडतात. शिकवायला ऑटिस्टिक प्रौढांनाही बोलवा.

शाळेत एक शांत जागा ठेवा. तिथे मूल आपल्या इच्छेने जाईल आणि परत येईल. शिक्षा म्हणून तिथे कोंडायचं नाही, कुठेच कोंडायचं नाही. मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असल्याखेरीज त्याला धरून, दाबून ठेवायचं नाही.

डोळ्यांत बघायची आणि हात आवरायची सक्ती थांबवा.

परीक्षेत जास्त वेळ, वेगळी खोली आणि सरळ शब्दांतले प्रश्न द्या. ज्याला तोंडी जमत नाही त्याला लिहू द्या, ज्याला लिहिणं जमत नाही त्याला टाइप करू द्या.

मदतनीसाचा खर्च पालकांवर टाकू नका.

माझ्या मुलीच्या शाळेला यापलीकडे एकच सांगायचं आहे. येत्या सोमवारपासून ती शाळा सुटेपर्यंत वर्गात बसेल. दुसरीतल्या बाई जे जे करायच्या ते मी एका पानावर लिहून सोबत पाठवते आहे, आणि त्यावर बोलायला तुम्ही म्हणाल त्या वेळी मी येईन. तिला मधल्या सुट्टीत घरी पाठवायचं असेल, तर कारण आणि मुदत लिहून, सही करून तो कागद माझ्या हातात द्या.

आपली,
चौथीतल्या एका मुलीची आई